पायापासून चाकापर्यंत



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात तिचा पाया घातला आणि मग गावोगावी तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठावरून इतिहास सांगायचा तर तो कंधारच्या राष्ट्रकूटांचा किंवा देवगिरीच्या यादवांचा सांगावा, अशी श्रोत्यांची साहजिकच अपेक्षा असते. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा अर्धवट राहिली. जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोटार-कामगारांच्या संगतीत. तेव्हा ज्या वस्तूचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे, तीच आज आपल्यापुढे ठेवतो. ती वस्तू म्हणजे मोटारीचा ब्रेक. आणि त्यातही पायापासून चाकापर्यंत जाणारी त्याची बारीक नळी.

नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही गॅरेजात जा, एक तक्रार हटकून ऐकू येते. गाडी जुनी झाली, ब्रेकच्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या, म्हणून मालकाने पैसे खर्चून नव्या, उत्तम प्रतीच्या, पोलादी तारांच्या वेष्टनाच्या नळ्या बसवून घेतल्या. आता ब्रेक दगडासारखा लागेल अशी त्याची समजूत. आणि पेडलवर पाय ठेवतो तो पाय खाली खालीच जातो, जणू ओल्या मातीत रुतावा. जुन्या फाटक्या नळ्यांवर जो ब्रेक बरा लागत होता, तो नव्या नळ्यांवर मऊ पडला! मालक म्हणतो, दुकानदाराने फसवले. दुकानदार म्हणतो, मिस्त्रीला काम येत नाही. मिस्त्री बिचारा पुन्हा गाडीखाली शिरतो. हे असे का होते, आणि ते दुरुस्त कसे होते, या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात तर आहेच, पण पुष्कळसे इतिहासातही आहे.

इतिहासाची सुरुवात बैलगाडीपासून करू. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेड गोदावरीच्या काठी. पठारावरून नदीकडे माल उतरवायचा म्हणजे उतार आला. भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते. तिला आवरण्याचे साधन म्हणजे चाकाच्या धावेवर दाबलेला लाकडाचा ठोकळा, जूं पाठीशी घेऊन रेटणारे बैल आणि दोरी खेचणारा गाडीवान. येथे माणसाचा हात आणि चाक यांच्यामध्ये फक्त दोरी होती. ती तुटली तर डोळ्यांना दिसत असे. गाडी एक, चाके दोन, माणूस जवळ. तोपर्यंत ब्रेक ही काही विद्या नव्हती.

विद्येची गरज पडली ती आगगाडीमुळे. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत हैदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास झाली. लातूरला रेल्वे आली ती निराळ्या वाटेने. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाईन १८९७ साली बार्शीला पोचली आणि १९११ साली ती लातूरपर्यंत वाढवण्यात आली. आता हिशेब पाहा. गाडीवानामागे दोन चाके होती. इंजिन-चालकामागे डझनावारी डबे आणि प्रत्येक डब्याला चाकांच्या जोड्या. शेवटचा डबा त्याच्या दृष्टीसही पडत नाही. त्या डब्याचे चाक चालकाने कसे दाबावे? सुरुवातीच्या काळात याला उत्तर एकच होते, जागोजागी माणसे बसवणे. इंजिनाने शिटी द्यायची आणि ब्रेकवाल्यांनी आपापल्या डब्यात हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा. शिटी ऐकू आली नाही, हात थकला, माणूस घसरला, की संपले.

१८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने कोंडलेल्या हवेचा ब्रेक तयार केला. सगळ्या गाडीखालून एक नळी न्यायची, इंजिनाने त्या नळीत हवा दाबायची, आणि त्या दाबाने प्रत्येक डब्याचा ब्रेक लागायचा. युक्ती नामी होती, पण तिच्यात एक खोट होती. नळी फुटली किंवा डबे सुटले तर हवा निघून जाई आणि नेमका ब्रेकची गरज असतानाच ब्रेक नाहीसा होई. १८७२ च्या सुमारास वेस्टिंगहाऊसने ती रचना उलटी केली. नळीत हवा कायम भरलेली ठेवायची. ती हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला. हवा गेली की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली राखीव हवा ब्रेक आवळणार. म्हणजे नळी फुटली तर गाडी धावत सुटण्याऐवजी थांबेल. साधन मोडले तरी माणूस वाचावा, हा विचार ब्रेकच्या इतिहासात येथे प्रथम स्पष्टपणे आला.

विचार आला तरी तो अमलात यायला माणसे मरावी लागतात, हा कामगार चळवळीतल्या माणसाला नेहमीचा अनुभव आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली एक गाडी चढावर अडली. मुले आणि त्यांचे आईबाप यांनी ती खच्चून भरली होती. गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर नेण्याचे ठरले. गाडीचा ब्रेक जुन्या पद्धतीचा होता. नळी सोडताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला, ते डबे उतारावर मागे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली; त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की, प्रवासी गाड्यांना सर्व डब्यांना लागणारा आणि नळी तुटली तर आपोआप लागणारा ब्रेक असलाच पाहिजे. असा ब्रेक त्यापूर्वी सतरा वर्षे अस्तित्वात होता. उणीव होती ती सक्तीची.

भारतातल्या रेल्वेने बहुतांशी निर्वात ब्रेक पत्करला. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी तो पाहिला आहे, नव्हे ऐकला आहे. इंजिन नळीतली हवा ओढून घेई; नळी रिती असेपर्यंत ब्रेक सुटलेला राही. चालकाने हवा आत सोडली, डबे सुटले किंवा डब्यातल्या कुणी साखळी ओढली, की बाहेरची हवा सूं करून आत घुसे आणि चाके आवळली जात. म्हणजे आपल्या भोवतीची ही रोजची हवाच गाडी थांबवीत असे. पुढे जड आणि लांब गाड्यांना तिचा जोर अपुरा पडू लागला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आपली रेल्वे पायरीपायरीने कोंडलेल्या हवेच्या ब्रेककडे वळली. लातूरकरांना एप्रिल २०१६ आठवत असेल. दुष्काळाने शहर कोरडे पडले होते आणि मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या गाडीला १० टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे नुसते पाणीच ५०० टन. आपण सगळ्यांनी ते पाणी पाहिले. ते ५०० टन पाणी स्थानकात अलगद उभे करणारी नळीतली हवा कुणी पाहिली नाही, आणि ते योग्यच झाले. ब्रेक नीट असला की त्याची आठवणही होत नाही.

आता मोटारीकडे वळू. आपल्या मराठवाड्याला मोटारीचा इतिहास परका नाही. निजामाच्या राज्यात रेल्वेचाच एक विभाग म्हणून सरकारी बस-वाहतूक जून १९३२ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्याकडे २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. मुंबई राज्यात एस. टी. ची पहिली बस पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि इथली बस व तिथली बस एकाच महामंडळाची झाली. बसच्या दारावरची नावे बदलली. दाराआड बसलेल्या चालकाचा पाय मात्र त्याच एका पेडलवर होता.

त्या पेडलपासून चाकापर्यंत काय होते? आरंभीच्या मोटारींना सळ्या आणि तारा असत. पेडल दाबले की सळई ओढली जाई आणि ब्रेक लागे. बैलगाडीच्या दोरीचीच ही लोखंडी आवृत्ती. दोन चाकांपुरते हे ठीक होते. चारही चाकांना ब्रेक आले, तशी मोठी पंचाईत झाली. चार सळ्या सारख्या ताणाच्या ठेवणे ही रोजची डोकेदुखी. एक तार जरा सैल झाली की गाडी ब्रेक लावताच एका अंगाला ओढली जाई. पुढची चाके वळतात, वरखाली हलतात; त्यांच्यापर्यंत ताठ सळई न्यायची कशी?

याचे उत्तर सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच पंडिताजवळ होते. ब्लेझ पास्कालने दाखवले होते की, बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा या कारागिराने त्या तत्त्वावर पाण्याच्या दाबाचे यंत्र केले. लहान दट्ट्यावर थोडका जोर, आणि मोठ्या दट्ट्यावर प्रचंड जोर. हे तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लावले ते अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने. त्याचे एकस्व १९१७ चे. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाच्या दाबाचे ब्रेक आले. परंतु ते गळत. दट्ट्यांच्या कडेला चामड्याच्या वाट्या होत्या, त्या दाबाला टिकत ना. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तेथे रबरी वाट्या घातल्या आणि १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत हा ब्रेक खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांच्या वापरात आला. आपल्या मिस्त्री लोकांच्या बोलण्यात आजही ‘किट बदलले’ असे येते, ते हेच रबर.

सगळ्यांनी हे मुकाट्याने मानले असे नाही. हेन्री फोर्डची कंपनी पायापासून चाकापर्यंत अखंड पोलाद असण्याची जाहिरात करी, आणि १९३९ च्या मोटारींपर्यंत तिने द्रवाचा ब्रेक घेतलाच नाही. फोर्डला आपण हट्टी म्हणू, पण त्याच्या शंकेत तथ्य होते. रेल्वेने इतक्या रक्तपातानंतर जो धडा घेतला होता, तो या नव्या ब्रेकने बाजूला सारला होता. रेल्वेची नळी फुटली तर गाडी थांबे. मोटारीची तेलाची नळी फुटली तर पाय फळीपर्यंत जाई आणि गाडी चालतच राही. म्हणून मोटारीच्या ब्रेकची नळी ही सर्वांत जपून हाताळण्याची गोष्ट ठरली. तिच्यामागे दुसरे काही नव्हते.

आता आपल्या मूळ प्रश्नाला हात घालता येईल. द्रव दाबला तरी आकुंचन पावत नाही, निदान मोटारीच्या ब्रेकपुरते तसे म्हणायला हरकत नाही. हवा मात्र दबते. पास्कालचा ग्रंथ निघाला त्याच्या आदल्याच वर्षी, १६६२ साली, रॉबर्ट बॉईलने नियम सांगितला की, हवेवरचा दाब जितक्या पटीने वाढवावा, तितक्या पटीने तिचे आकारमान घटते. ब्रेक चालतो तो पास्कालच्या नियमाने, आणि मऊ पडतो तो बॉईलच्या नियमाने. मला स्वतःला हे जेव्हा आकड्यांनी मांडून पाहावेसे वाटले, तेव्हा मी एक साधा हिशेब केला. तो आपणही मनातल्या मनात करा.

समजा पायाचा जोर २० किलो आहे आणि पेडलच्या दांड्याने तो पाचपट होतो, म्हणजे १०० किलो. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटीमीटर धरा. तेव्हा नळीतला दाब चौरस सेंटीमीटरला २५ किलो झाला. आता त्या नळीत चहाच्या एका चमच्याइतकी, ५ घनसेंटीमीटर, हवा राहिली आहे असे समजा. बाहेरच्या हवेचा दाब अदमासे १ किलो. एकूण २६ किलोंखाली ती हवा दबून जेमतेम ०.२ घनसेंटीमीटर उरेल. उरलेली ४.८ घनसेंटीमीटर जागा भरून काढायला दट्ट्याला १.२ सेंटीमीटर फुकट चालावे लागेल, आणि पायाला त्याच्या पाचपट, म्हणजे ६ सेंटीमीटर. पेडलची धाव मुळात असते किती? तिच्यातली सहा सेंटीमीटर चमचाभर हवेने खाल्ली. पाय खाली जातो, पण चाकावर जोर येत नाही. आणि घाटात समोरून ट्रक आल्यावर तीच सहा सेंटीमीटर माणसाला हवी असतात.

नव्या नळ्या घातल्यावर ब्रेक मऊ का पडतो, ते आता उघड आहे. जुनी नळी सोडली की तेल गळून जाते आणि त्याच्या जागी हवा शिरते. नवी नळी तर येतेच हवेने भरलेली. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते, पोलादी वेष्टनाची फुगत नाही, हे खरे. म्हणून तिने पेडल थोडे घट्ट होते हेही खरे. पण हा फायदा इतका लहान आहे की एका बुडबुड्यापुढे तो कुठल्या कुठे नाहीसा होतो. मालाची प्रत उत्तम होती आणि काम अर्धे राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

ती हवा काढण्याची रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. प्रत्येक चाकाशी ब्रेकला एक लहान निपल असते. त्यावर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवायचे. एक माणूस पेडलवर, दुसरा चाकाशी. पेडलवरचा सावकाश दाबून धरतो आणि ‘धरला’ म्हणतो. चाकाशी बसलेला पान्याने निपल अर्धा फेरा सैल करतो, बुडबुडे आणि तेल बाहेर येते, तो निपल आवळतो आणि ‘सोड’ म्हणतो. निपल आवळण्याआधी वरच्याने पाय उचलला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. बाटलीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे चालवायचे, आणि मधूनमधून वरच्या डब्यातले तेल पाहायचे. तो डबा एकदा रिता झाला की सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. चाकांचा क्रम कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. जुन्या, एकाच मार्गाच्या ब्रेकमध्ये बहुधा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

एवढे करूनही पेडल मऊच राहिले तर? जाणता मिस्त्री येथे पान्यापेक्षा पायाने तपास करतो. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर घट्ट होते, आणि थांबल्यावर पुन्हा मऊ पडते, तर आत अजून हवा आहे, किंवा मागच्या ड्रममधले लायनर दूर राहिले आहेत. पेडल घट्ट लागते पण पायाखाली हळूहळू खाली सरकत जाते, तर कुठेतरी गळती आहे. ती जोडावर असेल तर तेल दिसेल. तांब्याचा जुना वॉशर तसाच वापरला, किंवा नळीचे टोक बैठकीवर तिरके बसले, तर हे होते. तेल बाहेर कोठेच दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरची रबरी वाटी गेली. ही वाटी पुष्कळदा हवा काढतानाच फाटते. रोजच्या वापरात दट्ट्या सिलिंडरच्या अर्ध्या भागातच फिरतो. पुढचा भाग गंजतो. हवा काढण्याच्या भरात कुणी पेडल फळीपर्यंत रेटले की ती जुनी वाटी त्या गंजावर घासून चिरते. म्हणून पेडलखाली लाकडाची फळी ठेवून त्याची धाव आखडण्याची चाल चांगली आहे. पूर्वी दोष कोणत्या चाकात आहे हे शोधायला रबरी नळी चिमट्याने दाबून धरीत. पोलादी वेष्टनाच्या नळीवर तो चिमटा लावू नये. नळी आतून दुमडते आणि नवे दुखणे सुरू होते.

लातूर-नांदेड रस्त्यावर प्रवासी नेणाऱ्या एका काळी-पिवळीची गोष्ट माझ्या कानांवर आहे आणि तपासाअंती मी ती डोळ्यांनीही पाहिली आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, चारही नळ्या नव्या. दोन दिवस हवा काढली, तेलाचे डबे संपले, पण पेडल मऊ ते मऊ. लग्नसराई होती, मालक दारात उभा होता, आणि ‘पंप मारून चालव, लागतो की ब्रेक’ असे त्याचे म्हणणे. तेथल्या वयस्क मिस्त्रीने किल्ली दिली नाही. तो एक विडी ओढेपर्यंत चाकाकडे नुसता पाहत बसला, आणि मग त्याला दिसले की निपल खालच्या अंगाला आहे. नळ्या बसवणे सोपे जावे म्हणून कुणीतरी पुढचे दोन्ही कॅलिपर उतरवले होते आणि चढवताना डावा उजवीकडे व उजवा डावीकडे गेला होता. हवा नेहमी वर चढते. निपल खाली असल्यावर तेल येत राहिले, आणि हवा वरच्या कोपऱ्यात सुखाने बसून राहिली. कॅलिपर बदलून लावले आणि अर्ध्या तासात पेडल दगडासारखे झाले. त्या गाडीत दुसऱ्या दिवशी किती वऱ्हाडी बसले असतील, त्यांचा हिशेब आपणच करा. त्या मिस्त्रीचे नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही.

तेलाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल आहे. आज सर्रास मिळते ते डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचे. ते ग्लायकॉल जातीचे आहे आणि हवेतला ओलावा शोषून घेते. प्रमाणाप्रमाणे डॉट ३ चे कोरडे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले की त्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफही हवेसारखीच दबते. सकाळी दगडासारखा असलेला ब्रेक दुपारी घाटात मऊ पडतो तो यामुळे. म्हणून उघडा राहिलेला डबा वापरू नये. आणि इंजिनाचे तेल किंवा दुसरे खनिज तेल तर चुकूनही ओतू नये. त्याने आतले सारे रबर फुगते.

फोर्डच्या शंकेला उत्तर मिळायला बराच काळ लागला. एकाच नळीऐवजी दोन स्वतंत्र मार्ग करायचे, म्हणजे एक फुटला तरी दुसरा उरेल, ही रचना अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस सक्तीची झाली आणि मग जगभर रूढ झाली. आपल्याकडे १९६२ साली मद्रासजवळ पाडी येथे ब्रेक्स इंडियाचा कारखाना निघाला आणि ब्रेकचे सुटे भाग देशात होऊ लागले. २०१८-१९ पासून आपल्या नव्या मोटारींना चाक अडकू न देणारी ए. बी. एस. यंत्रणा आवश्यक ठरली. तिच्या झडपांच्या पेटीत हवा शिरली तर नुसत्या पाय-पान्याने ती निघेलच असे नाही. संगणक जोडून त्या झडपा उघडाव्या लागतात. मोठ्या बसला तर आज हवेचाच ब्रेक असतो. सकाळी चालक काटा वर चढेपर्यंत थांबतो, तो टाकीत सात-आठ किलोंचा दाब भरण्यासाठी. गंमत अशी की एकाच आगारात बसच्या नळीतून हवा गेली म्हणून मिस्त्री धावतो, आणि शेजारच्या जीपच्या नळीत हवा आली म्हणून धावतो.

या सर्व इतिहासात मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. ब्रेक सुधारला तो प्रत्येक वेळी दोन हप्त्यांत. आधी कुणीतरी यंत्र शोधले, आणि मग ते यंत्र नीट राखण्यासाठी लागणारा वेळ आणि सक्ती पुष्कळ वर्षांनी मिळाली. वेस्टिंगहाऊसनंतर सतरा वर्षांनी आर्मा घडले आणि मग कायदा आला. आपल्या देशात मोटार चालवणाऱ्यांचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असावे हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने मान्य केले. पुढे २०२० च्या कामगार संहितेत तो सामावला गेला. पेडलवरचा पाय थकलेला नसावा, हे ब्रेकच्याच दुरुस्तीचे एक अंग आहे, असे मी मानतो.

दुसरे अंग अजून राहिले आहे. नव्या नळ्या मालक आनंदाने विकत घेतो, कारण त्या दिसतात. हवा काढायला लागणारे तीन तास आणि दुसरा माणूस यांचे पैसे मोजताना त्याचा हात आखडतो, कारण ते काम दिसत नाही. मिस्त्रीला दिवसाला गाड्या मोजून मजुरी मिळते; बुडबुडे मोजून मिळत नाही. मग पंप मारून लागणारा ब्रेक ‘चालतो’ म्हणून सोडून दिला जातो. येथे दोष एकट्या कारागिराचा नाही आणि एकट्या मालकाचाही नाही. मजुरी ठरवताना आपण तपासणीचा वेळ कधी धरलाच नाही, हा तो दोष आहे. आमच्या मागण्यांच्या कागदात पगार असतो, महागाई-भत्ता असतो. ‘ब्रेकच्या कामाला दोन माणसे आणि पुरेसा वेळ’ हे कलमही त्यात असावे, असे मी आमच्या बैठकांत सांगत आलो आहे, आणि आज आपल्यासारख्या प्रवासी-जनतेपुढेही सांगतो. ही मागणी जितकी कामगारांची, तितकीच मागच्या बाकावर पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आईची आहे.

तेव्हा आपल्याला माझी विनंती साधी आहे. गाडी दुरुस्तीला दिली आणि मिस्त्री म्हणाला की ‘आज मिळणार नाही, पेडल अजून मनासारखे नाही’, तर त्याच्यावर रागावू नका, आणि दुसऱ्या गॅरेजचा रस्ता धरू नका. त्याला उद्याची दुपार द्या, आणि त्या दुपारची मजुरीही द्या. भाड्याच्या गाडीत बसताना चालक निघण्याआधीच पेडल दोन-तीनदा मारताना दिसला, तर त्याला विचारा, ब्रेक मऊ आहे का? विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.